फौज येण्याआधीची माणसे

(मनोरी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)

मनोरी, गोराई, उत्तन ही गावे ज्या लांबट भूभागावर वसली आहेत, त्याला इतिहासाच्या कागदपत्रांत धारावी बेट म्हटले आहे. माहीमच्या खाडीकाठची धारावी वेगळी. ही धारावी साष्टीच्या कडेची. तिच्या पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला मार्वेकडे जाणारी खाडी आणि उत्तरेला वसईची खाडी. वसईच्या खाडीपलीकडे पाहिले की वसईचा किल्ला. मराठ्यांच्या वसई मोहिमेत या बेटाला एवढे महत्त्व आले ते या समोरासमोरच्या जागेमुळे. धारावीचा डोंगर ज्याच्या हाती, त्याला वसईची रसद अडवता येणार हे दोन्ही बाजूंना कळत होते. १७३७ ते १७३९ या काळात तो डोंगर एकदा मराठ्यांकडे, एकदा पोर्तुगीजांकडे असा फिरत राहिला आणि १७३९ मध्ये अखेर मराठ्यांनी घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली.

या मोहिमेचे नाव निघाले की चिमाजी अप्पांचे नाव येते, आणि ते यायलाच हवे. पण चिमाजी अप्पा साष्टीत उतरण्याच्या कितीतरी आधी दोन माणसे याच परिसरात फिरत होती. एक मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे, दुसरे भिवंडीजवळच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक. मालाड म्हणजे मनोरीच्या समोरचा काठ. अंताजी पोर्तुगीज अमलातले प्रतिष्ठित वतनदार होते, घरदार राखून गप्प बसले असते तर त्यांचे काही बिघडले नसते. पोर्तुगीज अमलात धर्मकृत्यांवर आलेले निर्बंध आणि जुलूम त्यांना सोसवले नाहीत. गंगाजी नाईकांनी आपल्या भावांसह पुण्याच्या वाऱ्या केल्या, पेशव्यांच्या दरबारी गाऱ्हाणी घातली, कोणत्या ठाण्यावर किती माणसे आहेत, खाडीत भरती-ओहोटीच्या वेळी उतार कुठे मिळतो, याची माहिती जमवली. 'साष्टीची बखर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वृत्तांतात ही सारी खटपट आली आहे. मार्च १७३७ मध्ये मराठी फौज ठाण्यात शिरली, तेव्हा तिच्यापुढे वाट दाखवायला साष्टीचीच माणसे होती.

आजच्या व्याख्यानाचा विषय ही माणसे आहेत. अंताजी आणि गंगाजी, आणि त्यांच्यासारखे इतर अनेक. कोणत्याही देशाच्या मुक्तीच्या इतिहासात शेवटी एक फौज येते, तह होतो, झेंडा बदलतो आणि त्या दिवसाची तारीख दिनदर्शिकेत छापली जाते. त्या तारखेआधी दहा, वीस, पन्नास वर्षे जे लढले, हरले, तुरुंगात कुजले, त्यांच्यासाठी दिनदर्शिकेत जागा ठेवायची की नाही, हे प्रत्येक समाजाला ठरवावे लागते.

दक्षिण-पूर्व युरोपातल्या बल्गेरियाने हे फार ठळकपणे ठरवले आहे. दरवर्षी २ जूनला दुपारी बारा वाजता त्या देशात सगळीकडे भोंगे वाजतात. हवाई हल्ल्याच्या इशाऱ्यासाठी बसवलेले हे भोंगे. रस्त्यावरची मोटार थांबते, चालक दार उघडून खाली उतरतो, पदपथावरची माणसे असतील तिथे उभी राहतात. भोंगा थांबला की व्यवहार पुन्हा सुरू होतात. हा दिवस ख्रिस्तो बोतेव्ह या कवीचा आणि बल्गेरियासाठी मेलेल्या सर्वांचा.

बोतेव्ह २८ वर्षांचा असताना मारला गेला. १८७६ च्या वसंतात बल्गेरियन लोकांनी ऑटोमन तुर्की सत्तेविरुद्ध उठाव केला होता. त्यांच्याकडे पुरेशी शस्त्रे नव्हती, म्हणून गावकऱ्यांनी चेरीच्या झाडांची खोडे पोखरून त्यांना लोखंडी पट्टे ठोकले आणि तोफा केल्या. त्या फारशा चालल्या नाहीत. उठाव काही आठवड्यांत चिरडला गेला, बाताक या गावात स्त्रिया-मुलांसह हजारोंची कत्तल झाली. उठाव मोडत असतानाच रुमानियात निर्वासित म्हणून राहिलेला बोतेव्ह सुमारे २०० सोबत्यांसह डॅन्यूब नदीवरच्या 'राडेत्स्की' या ऑस्ट्रियन आगबोटीवर चढला. सगळे माळ्यांच्या वेशात होते, बंदुका पेट्यांत होत्या. नदीच्या मध्यावर त्यांनी वेश उतरवले, बोट ताब्यात घेतली आणि कोझलोदुय या ठिकाणी बल्गेरियाच्या काठावर उतरले. त्यांना वाटले होते की गावेच्या गावे येऊन मिळतील. तसे झाले नाही. थोड्याच दिवसांत व्रात्साच्या डोंगरात बोतेव्ह गोळी लागून पडला.

त्याआधी तीन वर्षे, १८७३ च्या फेब्रुवारीत, वासिल लेव्हस्कीला सोफियात फाशी दिली होती. तो आधी धर्मदीक्षा घेतलेला भिक्षू होता. वेश बदलून गावोगाव फिरत त्याने गुप्त समित्यांचे जाळे विणले. बाहेरच्या राजाच्या भरवशावर न बसता मुक्ती आपणच मिळवावी, आणि ती मिळाल्यावर तुर्क, ज्यू, बल्गेरियन सगळ्यांना एकच कायदा असावा, असा त्याचा आग्रह होता. त्याचे थडगे कुठे आहे हे आजवर सापडलेले नाही. तरी १९ फेब्रुवारीला सोफियातल्या त्याच्या स्मारकाशी फुलांचा खच पडतो.

बल्गेरियाचा राष्ट्रीय दिवस मात्र ३ मार्च आहे. १८७८ साली त्या दिवशी रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात सान स्तेफानोचा तह झाला. रशियन फौजा डॅन्यूब ओलांडून आल्या, शिप्का खिंडीत बल्गेरियन स्वयंसेवक त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढले, आणि सुमारे पाचशे वर्षांनी बल्गेरिया नकाशावर परत आला. हा तह जसाच्या तसा अमलात आला नाही. काही महिन्यांतच बर्लिनमध्ये बड्या सत्तांनी त्या नव्या देशाचे तुकडे केले. त्यामुळे ६ सप्टेंबर १८८५ हा एकीकरणाचा आणि २२ सप्टेंबर १९०८ हा स्वातंत्र्यघोषणेचा, असे आणखी दोन दिवस तिथे सुट्टीचे झाले. शिवाय २४ मे हा लिपी आणि संस्कृतीचा. परक्या फौजेने मिळवून दिलेल्या तहाचा दिवस आपला राष्ट्रीय दिवस का असावा, त्याऐवजी २४ मे का नको, असा वाद त्या देशात अजून चालतो. वाद चालू द्यावा. पण २ जूनच्या भोंग्याबद्दल तिथे फारसा वाद होत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जिंकलेल्या फौजेच्या दिवसावर मतभेद आहेत, हरलेल्या कवीसाठी सगळे उभे राहतात.

आता गोव्याकडे वळू. १७३९ मध्ये पोर्तुगीज वसई-साष्टीतून गेले, गोव्यात आणखी २२२ वर्षे राहिले. मनोरीत बसून गोव्याचा विचार करण्याला वेगळे कारण आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना दिली. तेव्हापासून दोनशे वर्षे ही गावे त्यांच्या अमलाखाली होती. इथले शेतकरी, कोळी, भंडारी त्या काळात ख्रिस्ती झाले आणि सत्ता बदलल्यावरही ख्रिस्तीच राहिले. वसईच्या शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळू देण्याची हमी होती. देवळांत आजही वसईच्या घंटा टांगलेल्या दिसतात, नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातली घंटा त्यांतली प्रसिद्ध. विजयाची खूण म्हणून मराठे सरदार त्या घेऊन गेले. मनोरीकरांच्या पूर्वजांच्या दृष्टीने मात्र त्या त्यांच्या चर्चच्या घंटा होत्या. मुक्ती म्हणून इतिहासात नोंदलेला प्रसंग गावातल्या सगळ्यांना एकसारखा वाटला असेल असे मानणे बरोबर नाही. पस्तीस वर्षांनी, १७७४ मध्ये, इंग्रजांनी साष्टी घेतली तेव्हाही या गावांना कोणी विचारले नव्हते. पुढे १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, या समाजाने ईस्ट इंडियन हे नाव घेतले आणि नोकरीधंद्यासाठी मुंबईत आलेल्या गोमंतकीय ख्रिस्ती लोकांपासून आपली वेगळी ओळख सांगितली.

हे सारे आठवण्याचे कारण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा दावा. गोवा ही वसाहत नाहीच, तो समुद्रापलीकडचा पोर्तुगीज प्रांत आहे, असे तो म्हणे. १९५१ मध्ये घटना दुरुस्त करून त्याने कागदोपत्रीही ते तसे केले. गोवा कॅथलिक आहे, म्हणून तो मनाने लिस्बनचा आहे, ही या दाव्याची दुसरी बाजू. गोव्यात हिंदू बहुसंख्य होते, हे उत्तर सोपे होते. त्याहून खणखणीत उत्तर गोव्यातल्या कॅथलिकांनीच दिले.

त्यांत पहिले नाव त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांचे. १८९१ मध्ये चांदर गावी जन्मलेले, फ्रान्समध्ये शिकलेले. १९२८ मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली. गोमंतकीय माणसाचे मन आणि राष्ट्रभान कसे बधिर केले गेले यावर त्यांनी १९४४ मध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. आपल्याच समाजाला आरसा दाखवणारे असे लिहायला मोठे धैर्य लागते. १९४६ मध्ये त्यांना पकडले, लष्करी न्यायालयापुढे उभे केले, आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन डांबले. सुटकेनंतरही देश सोडायला बंदी होती. १९५३ मध्ये ते पोर्तुगालमधून निसटले आणि मुंबईला आले. उरलेली पाच वर्षे त्यांनी मुंबईतूनच लढा चालवला आणि १९५८ मध्ये मुंबईतच देह ठेवला. गोवा मुक्त झालेला त्यांनी पाहिला नाही. आज पणजीच्या आझाद मैदानावर त्यांचे स्मारक आहे.

दुसरे डॉ. ज्युलियाव मिनेझिस. असोळण्याचे हे डॉक्टर बर्लिनमध्ये शिकत असताना राममनोहर लोहिया यांचे मित्र झाले. पुढे त्यांनी मुंबईत वैद्यकी केली आणि इथूनच गोव्यासाठी संघटना उभी केली. १९४६ च्या एप्रिलमध्ये लोहिया ब्रिटिशांच्या तुरुंगातून सुटले ते खंगलेल्या प्रकृतीने. थोडी विश्रांती घ्यावी म्हणून मिनेझिस त्यांना १० जूनला असोळण्याला आपल्या घरी घेऊन गेले. विश्रांती राहिली बाजूलाच. माणसे भेटायला येऊ लागली. सभा घ्यायला, मत मांडायला, चार ओळी छापायलाही सरकारी परवानगी लागते हे ती सांगू लागली. ही बंदी मोडायची असे दोघांनी ठरवले. तारीख १८ जून, जागा मडगाव.

त्या दिवशी पाऊस कोसळत होता. तरी लोक जमले, पोलिसही जमले. लोहिया बोलायला पुढे झाले तसा प्रशासक कॅप्टन मिरांडा पिस्तूल काढून आडवा आला. लोहियांनी त्याचा हात धरून त्याला बाजूला सारले, जशी गर्दीत वाट अडवणाऱ्या माणसाला बाजूला करतात. गोव्यातल्या कोणीही गोऱ्या अधिकाऱ्याला तसे हाताने दूर केलेले लोकांनी त्याआधी पाहिले नव्हते. लोहिया आणि मिनेझिस दोघांना अटक झाली. पण गर्दी पांगली नाही. घोषणा चालू राहिल्या आणि त्या उन्हाळ्याच्या शेवटी पावसात सुरू झालेला सत्याग्रह पुढे कित्येक महिने चालला. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे या कार्यकर्त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात पाठवले गेले. सप्टेंबरअखेर लोहिया पुन्हा गोव्यात शिरले, कुळे स्थानकावर पकडले गेले आणि आग्वादच्या किल्ल्यात बंद झाले.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. १८ जूनला गोवा मुक्त झाला नाही. त्यानंतर साडेपंधरा वर्षे गेली. त्या दिवशी एवढेच झाले की एका माणसाने पिस्तूल बाजूला केले आणि बाकीच्यांनी ते पाहिले. गोव्यात हा दिवस क्रांतिदिन म्हणून पाळतात आणि मडगावच्या त्या जागेला लोहिया मैदान म्हणतात. १९ डिसेंबर हा मुक्तिदिन, तो फौजेच्या विजयाचा. हे दोन दिवस जवळ ठेवणाऱ्या गोव्याने शहाणपणा केला आहे. बल्गेरियाच्या ३ मार्च आणि २ जूनशी त्यांची जोडी लागते.

१९५४ हे वर्ष या लढ्यात फार गजबजलेले. फेब्रुवारीत म्हापशाच्या एका मेजवानीत कोणा वक्त्याने गोवा म्हणजे पोर्तुगाल असे विधान केले, तेव्हा शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी जागच्या जागी निषेध नोंदवला. तेवढ्या दोन शब्दांसाठी त्यांना अटक करून पोर्तुगालला नेले. जुलैत फ्रान्सिस मस्करेन्हास आणि वामन देसाई यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सने पोर्तुगीजांच्या ताब्यातले दादरा घेतले. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तरुण नगर हवेलीतल्या सिल्वासात शिरले. विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी, राजा वाकणकर ही त्यातली नावे. संगीतकार सुधीर फडके आणि तरुण बाबासाहेब पुरंदरे यांनीही त्या मोहिमेत भाग घेतला होता. 'गीतरामायण' आकाशवाणीवर सुरू झाले ते त्यानंतरच्या वर्षी. मराठी घरांत ज्याचा आवाज देवघरापर्यंत पोचला, तो माणूस काही महिने आधी सिल्वासाच्या मोहिमेसाठी पैसे आणि माणसे जमवत होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची एक तुकडी तेरेखोलच्या किल्ल्यावर चढली आणि तिने तिथे तिरंगा लावला. तेरेखोल नदीच्या उत्तरेचा हा चिमुकला किल्ला, आत एक चर्च, पायथ्याशी गोव्याची हद्द संपून सिंधुदुर्ग सुरू होतो. त्याच दिवशी टोनी डिसोझा आणि मार्क फर्नांडिस यांच्या तुकड्या दुसऱ्या वाटांनी आत गेल्या. या तीन तुकड्यांचे तिन्ही प्रमुख ख्रिस्ती. सालाझारच्या दाव्याला याहून बोलके उत्तर नव्हते.

पुढचे वर्ष रक्ताचे. १९५५ च्या फेब्रुवारीत अस्नोड्याचा बाळा राया मापारी हा तरुण पोलिसांच्या मारहाणीने कोठडीत मरण पावला. आपल्या साथीदारांची नावे त्याने सांगितली नाहीत. गोवा मुक्तिलढ्याचा तो पहिला हुतात्मा मानला जातो. एप्रिलमध्ये म्हापशात भर रस्त्यावर गोवा राष्ट्रीय काँग्रेसचे अधिवेशन भरवण्याचे ठरले. अध्यक्ष होत्या सुधाताई जोशी, 'भारतीय संस्कृतिकोशा'चे संपादक महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी. त्या उभ्या राहिल्या आणि पकडल्या गेल्या. १८ मे ला नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली भारतातून पहिली तुकडी गोव्यात शिरली. मुळशीच्या सत्याग्रहामुळे सेनापती झालेले बापट तेव्हा ७४ वर्षांचे होते. पुण्यात जयंतराव टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोवा विमोचन सहायक समिती चालवली होती. समाजवादी, जनसंघीय, कम्युनिस्ट एकाच यादीत नावे नोंदवत होते. मधू लिमये गेले, जगन्नाथराव जोशी गेले, बंगालचे त्रिदिब चौधरी गेले. महाराष्ट्राच्या राजकारणात पुढे एकमेकांची तोंडे न पाहणारी माणसे त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आग्वादच्या एकाच तटबंदीत राहिली.

१५ ऑगस्ट १९५५ ला हजारो निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून निघाले. बांद्याजवळच्या पत्रादेवीला पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोद्राबाई राय हातात झेंडा घेऊन चालत होत्या, त्यांना गोळ्या लागल्या. पंजाबचा तरुण शिक्षक कर्नैलसिंग बेनिपाल पुढे सरसावला आणि मारला गेला. पनवेलचे शिक्षक हिरवे गुरुजी याच दिवशीच्या सत्याग्रहात हुतात्मा झाले. त्या एका दिवसात वीसहून अधिक माणसे गेली. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद पडली, रस्त्यांवर संतापाचा उद्रेक झाला. भारत सरकारने गोव्याशी संबंध तोडले, पण सामुदायिक सत्याग्रहही थांबवला. सीमा बंद झाली. मुंबईतल्या गोमंतकीय खलाशांच्या, आचाऱ्यांच्या, वाद्यवादकांच्या घरी जाणाऱ्या मनीऑर्डरी अडल्या. धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वसतिघरांत, राहणाऱ्या या माणसांनी लढ्याची किंमत अशीही मोजली. त्यांची नावे कुठल्या फलकावर नाहीत.

सीमा बंद झाली तेव्हा आवाज उरला. दादरा-नगर हवेलीच्या मोहिमेत पोर्तुगीजांचे बिनतारी संच हाती लागले होते. ते दुरुस्त करून, बदलून, २५ नोव्हेंबर १९५५ ला जंगलातून एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले, 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. लिबिया मुंबईत वाढलेल्या, शिकलेल्या तरुणी. आधी आंबोलीच्या रानात, मग कॅसलरॉकच्या परिसरात त्यांचा मुक्काम राहिला. कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत बातम्या जायच्या: पोर्तुगीज वर्तमानपत्रांत दडपलेल्या घडामोडी, आफ्रिकेतल्या वसाहतींमधले उठाव, भारताच्या संसदेतली चर्चा. गोव्यातली घरे दारे-खिडक्या लावून, आवाज बारीक करून ते ऐकत. साप, पावसाळा, ओलीने बिघडणारी यंत्रे यांच्याशी झगडत या दोघांनी सहा वर्षे ते केंद्र चालू ठेवले. १९ डिसेंबर १९६१ ला गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा शरण आला, तेव्हा हे दोघे विमानातून गोव्यावर फिरले आणि ध्वनिक्षेपकावरून लोकांना बातमी सांगितली. सहा वर्षे लपून बोलणाऱ्यांना अखेर आकाशातून उघड बोलायला मिळाले. २०२५ मध्ये लिबिया लोबो सरदेसाई यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्या वयाच्या शंभरीत होत्या.

'ऑपरेशन विजय' ही भारतीय सैन्याची मोहीम दोन दिवसांत उरकली. मेजर जनरल कॅन्डेथ यांचे सैन्य भूमार्गाने आत आले, अंजदीव बेटावर उतरताना नौदलाचे सात जवान कामी आले. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम होता. व्हासालो ई सिल्व्हाने तो मानला नाही आणि निष्कारण होणारी हानी टाळली. पोर्तुगालने त्याला त्याची शिक्षाही दिली. भारतीय जवानांचे ऋण कोणी नाकारू नये. त्यांच्या आधी पंधरा वर्षे गोमंतकीयांनी आणि भारतीय सत्याग्रहींनी जमीन नांगरून ठेवली नसती, तर हीच मोहीम जगापुढे एका देशाने दुसऱ्याचा प्रांत घेतल्यासारखी दिसली असती. सालाझारला नेमके तेच दाखवायचे होते.

आणि मोहन रानडे? सांगलीचे मनोहर आपटे गोव्यात शिक्षक म्हणून गेले, आझाद गोमंतक दलात आले आणि मोहन रानडे झाले. १९५५ च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून ते जखमी झाले आणि पकडले गेले. शिक्षा २६ वर्षांची. त्यांना पोर्तुगालला नेले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पणजीवर तिरंगा चढला, मुक्तिदिनाचे सोहळे सुरू झाले आणि रानडे लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगातच राहिले. एक वर्ष, दोन वर्षे, सात वर्षे. सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती उभारली. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई रोमला गेले तेव्हा त्यांनी पोपकडे रदबदली केली. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले, २०१९ मध्ये पुण्यात वारले. कवी आणि पत्रकार तेलो मस्करेन्हास त्यांच्यानंतर, १९७० मध्ये, पोर्तुगालच्या तुरुंगातून बाहेर आले. मुक्तीची तारीख ठरून गेल्यावरही या दोघांची मुक्ती व्हायची होती.

मुंबईत आणि तिच्या उपनगरांत हा सारा इतिहास एवढा पुसट का झाला, याला कारणे आहेत. १५ ऑगस्ट १९५५ च्या गोळीबारानंतर तीन महिन्यांनी मुंबईच्याच रस्त्यांवर संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या चालल्या. १०६ हुतात्म्यांच्या दुःखापुढे पत्रादेवीचे दुःख मागे पडले. एस. एम. जोशींसारखे नेतेही एका लढ्यातून दुसऱ्यात ओढले गेले. मग १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला आणि मराठी मनाला ते लागले. आपल्याकडे न आलेल्या गोव्याची मुक्ती आपली कशी म्हणायची, असा एक अबोला तेव्हापासून धरला गेला. हा अबोला सोडायची वेळ केव्हाच झाली आहे. गोव्याने आपला निर्णय घेतला, १९८७ च्या ३० मे ला तो राज्य झाला. त्याने बापट, गोरे, हिरवे गुरुजी यांच्या त्यागाचा रंग उतरत नाही. कुन्हा आणि मिनेझिस यांना मुंबईने दिलेला आसराही खोटा ठरत नाही.

मराठवाडा १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन पाळतो, सिल्वासा २ ऑगस्टला, गोवा १८ जून आणि १९ डिसेंबरला. मुंबई उपनगराकडे असा स्वतःचा दिवस नाही. १८ जून हा तिचाही दिवस व्हावा, अशी या व्याख्यानातून मागणी आहे. सुट्टी मागितलेली नाही. शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात, पाऊस सुरू झालेला असतो. मनोरी, गोराई, मालाड, मढ, उत्तन या गावांतल्या शाळांनी, चर्चच्या आवारांनी, ग्रामस्थ मंडळांनी त्या दिवशी एकत्र जमावे आणि नावे वाचावीत. मालाडचे अंताजी रघुनाथ, अंजूरचे गंगाजी नाईक, चांदरचे त्रिस्ताव कुन्हा, असोळण्याचे ज्युलियाव मिनेझिस, अस्नोड्याचा बाळा राया, तेरेखोलवर चढलेला आल्फ्रेड, म्हापशाच्या रस्त्यावर उभ्या राहिलेल्या सुधाताई, सागरच्या सहोद्राबाई, पंजाबचा कर्नैलसिंग, पनवेलचे हिरवे गुरुजी. गोव्यातून या किनाऱ्यावर येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांना आपल्या घरातली आणखी नावे ठाऊक असतील. कोणाचा काका आग्वादला होता, कोणाची आजी बारीक आवाजात रेडिओ ऐकत होती. ती नावे त्या यादीत घालण्याचे काम येत्या जूनच्या आत सुरू करता येईल.